मनोऱ्याखालची खोली

त्या घरात स्वयंपाकघर कुठं होतं, असा साधा प्रश्न मी चाचांना पहिल्याच दिवशी विचारला. माझ्या हातात टेप, काखेत नकाशाची गुंडाळी, डोक्यावर ऑफिसचं पांढरं हेल्मेट. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग हेल्मेटकडे पाहिलं आणि विचारलं, "कधीचं?"

मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. मी प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं. त्यांनीही उत्तर पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. "तेच विचारतोय बाय. कधीचं?"

पुढं आठ महिने मी त्या घरी जात होते. या एका शब्दानं मला जेवढं छळलं तेवढं माझ्या सासूबाईंनीही छळलेलं नाही, आणि त्यांनी प्रयत्नात कसूर केली नव्हती.

घर बर दुबईत, खाडीपासून दोन गल्ल्या आत. मधे चौक, चारी बाजूंनी ओसरी, ओसरीमागं खोल्या आणि एका कोपऱ्यात छतावर उभा चौकोनी मनोरा. इकडं त्याला बारजील म्हणतात. वरून चारी बाजूंना उघडा असतो. कुठूनही वारा आला की तो पकडायचा आणि खालच्या खोलीत सोडायचा, एवढंच त्याचं काम. वीज नव्हती तेव्हा सगळं घर उन्हाळ्यात त्याच्याखाली येऊन बसायचं. घराचा मालक वारला होता आणि त्याच्या मुलानं घर जुन्या रूपात उभं करायला दिलं होतं. आमच्या कन्सल्टन्सीकडं काम होतं ते आधीच्या चौकशीचं. घर कोणी बांधलं, कुठली खोली कशासाठी होती, कुठली भिंत मूळची आणि कुठली नंतरची. मूळची ती राहणार, नंतरची ती पडणार.

मी पुण्याची. शिक्षणानं आर्किटेक्ट, स्वभावानं कारकून. मला तक्ता भरायला आवडतो. या कामाला एक सुंदर तक्ता होता. खोली क्रमांक एक ते अकरा, समोर मूळ उपयोग, त्यापुढं सध्याचा उपयोग. प्रत्येक चौकटीत एकच शब्द बसेल एवढीच जागा. आमचे साहेब जॉर्डनचे, घाईतला माणूस. ते म्हणाले होते, "मॅडम, वन रूम, वन वर्ड. खलास."

ते शब्द सांगू शकणारा एकच माणूस जिवंत होता, आणि तो स्वयंपाकघराला कधीचं म्हणून विचारत होता.

चाचा त्या घराचे राखणदार, रत्नागिरीकडचे. सत्तरी ओलांडलेली. गावातल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले आणि विशीत इथं आलेले, ते त्याच घरात राहिलेले. मी पुण्याची आहे कळल्यावर ते माझ्याशी मराठीत बोलू लागले, पण त्यांच्या मराठीत अधूनमधून हिंदी आणि अरबी येऊन बसायची. मला ते बाय म्हणत. कोकणात धाकट्या बाईला म्हणतात तसं. तोंडातून हा शब्द निघाला की माझा निम्मा राग जायचा, आणि त्यांना ते माहीत होतं असा माझा संशय आहे.

ते एका जागी कधी सापडले नाहीत. एक निळं प्लास्टिकचं स्टूल, एक किटली आणि दोन काचेचे पेले एवढा त्यांचा संसार, आणि तो दिवसभर त्यांच्याबरोबर घरात फिरायचा. सकाळी या ओसरीवर, दहाला त्या ओसरीवर, दुपारी मोठ्या खोलीत. मी एखादी भिंत मोजून वळावं तर स्टूल गायब. मग हाक मारायची. "चाचा, कुठं आहात?" लांबून उत्तर यायचं, "शाळेत." मी शाळा शोधत फिरायची. अकरा रिकाम्या खोल्या, आणि त्यातल्या एकीत शाळा.

कारण चाचा खोल्यांना खोल्या म्हणतच नसत. ते म्हणत, चहा दवाखान्यात ठेवलाय. तुझी टेप शिलाईखात्यात राहिली. शाळेत पाय पुसून जा. दवाखाना नव्हता, शिलाईखातं नव्हतं, शाळा नव्हती. रिकाम्या खोल्या, भिंतींवर खिळ्यांच्या खुणा आणि जमिनीवर कबुतरांची घाण. मला आधी वाटलं, म्हातारपणामुळं होत असेल. मग वाटलं, माझी गंमत करतायत. यातलं काहीच नीट ठरेना.

शिवाय ते रिकाम्या खोलीच्या दाराशी थांबायचे, खाकरायचे, बोटानं टकटक करायचे आणि क्षणभर थांबून मगच आत पाऊल टाकायचे. चौकाच्या डाव्या बाजूच्या तीन खोल्यांपुढं तर ते मान खाली घालून उभे राहत. आत कोणी आहे का, असं मी विचारलं. "आता नाय," ते म्हणाले. "पण बायकांची बाजू हाय ती." त्या बाजूला शेवटची बाई राहिली होती त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. काही दिवसांनी मीही त्या तीन दारांशी थांबायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही.

हे सगळं मी तक्त्यात कसं भरत होते ते विचारू नका. जानेवारीत चाचांनी पूर्वेकडची ओसरी दाखवून सांगितलं, इथं मुलांची शाळा. मी लिहिलं, ओसरी, शाळा. रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत दवाखाना. मी लिहिलं, दवाखाना. कोण डॉक्टर? एक मद्रासकडचा होता म्हणाले, फार सज्जन, इंजेक्शन देताना स्वतः डोळे मिटायचा. एप्रिलच्या शेवटी तेच चाचा मोठ्या खोलीत बसून सांगतात, इथं दवाखाना. आणि शाळा? शाळापण इथंच. आणि शिलाईची मशिनं? ती त्या भिंतीला. मी म्हटलं, चाचा, जानेवारीत तुम्ही शाळा ओसरीवर म्हणाला होतात. ते म्हणाले, "होती ना. तूच तर लिवलंस." माझा आवाज चढला. मी माझं चोपडं उघडून त्यांना तारखा दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून माझं अक्षर फार छान आहे एवढंच सांगितलं.

घरी येऊन मी नवऱ्यापुढं कुरकुर केली. आम्ही जवळच अल मनखूलला राहतो, चौथ्या मजल्यावर. नवरा अकाउंट्समधला. त्याचं मत असं की काहीतरी एक लिही आणि मोकळी हो, पन्नास वर्षांपूर्वी कोण कुठं बसायचं याची चौकशी करायला कोण येणार आहे. मला त्याचा राग आला. खरं तर मोकळं व्हायची मलाही घाई झाली होती.

हे कोडं सुटलं ते माझ्या मुलीमुळं. ती तेव्हा नऊ वर्षांची. मे महिन्यात एका शनिवारी तिला ठेवायला कोणी नव्हतं म्हणून साइटवर नेली. चाचांचं आणि तिचं जमलं. ते मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि दोघांनाही काही अडत नव्हतं. तिनं त्यांना विचारलं, यू स्लीप व्हेअर? चाचांनी हसून तिलाही तेच विचारलं, कधीचं? ती जरा विचार करून म्हणाली, "नाऊ. अँड इन विंटर." मग ते तिला घेऊन घरभर फिरले. मी ओसरीवर बसून माझा तक्ता खोडत होते. ती परत आली आणि माझ्या शेजारी बसली.

"मम्मा, ही इज नॉट कन्फ्यूज्ड. यू आर."

मी म्हटलं, मराठीत सांग आणि नीट सांग. तिनं इंग्रजीतच सांगितलं. वी ऑल्सो डोन्ट यूज द बाल्कनी इन समर.

मग मला हळूहळू उलगडलं. मालकाचं कुटुंब दुसरीकडे राहायला गेल्यावर खोल्या भाड्यानं दिल्या होत्या, आणि घरात एकच खिडकीचा एसी होता, मोठ्या खोलीत. थंडीत प्रत्येकाची जागा वेगळी. मुलं उन्हाला ओसरीवर, डॉक्टर पुढच्या खोलीत, शिंपी मागं. एप्रिल संपला की अख्खं घर त्या एका खोलीत यायचं. डॉक्टरच्या टेबलाला चादरीचा पडदा, पडद्याच्या अलीकडे मुलं पाढे म्हणतायत, पलीकडे पेशंट आ करून बसलाय, भिंतीला मशिनं चालतायत. ऑक्टोबरात पुन्हा सगळे आपापल्या जागी. त्याआधी मालकाचं कुटुंब राहायचं तेव्हाही तसंच, थंडीत तीस माणसं घरभर आणि उन्हाळ्यात सगळी मनोऱ्याखाली. चाचा अजूनही त्याच वेळापत्रकावर चालत होते, आणि मी तीन-चार महिन्यांच्या अंतरानं दोनदा तोच प्रश्न विचारून त्यांना खोटं ठरवत होते. मला स्वतःची लाज वाटली आणि आनंदही झाला. मी नकाशाला दोन रंग केले, निळा थंडीचा आणि लाल उन्हाळ्याचा. साहेबांनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

पण एक गोष्ट दोन्ही रंगांत बसेना. ती म्हणजे मोठ्या खोलीतली भिंत.

मोठ्या खोलीचं एक टोक बरोबर मनोऱ्याखाली येत होतं. त्या टोकाला आडवी भिंत घातलेली होती. भिंतीच्या अलीकडे मोठी खोली, पलीकडे मनोऱ्याच्या तळाशी एक अरुंद जागा, ओसरीतून जायला छोटं दार. एक खाट, एक ट्रंक आणि नमाजाची चटई एवढंच तिथं मावायचं. ती चाचांची खोली. पन्नास वर्षं ते तिथं झोपत होते, वर उघडा मनोरा.

सगळ्या घराचं काहीही होवो, चाचांचं भवितव्य त्या भिंतीत होतं. मालकाच्या मुलानं आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं. भिंत मूळची निघाली तर ती खोली राहील, जुन्या घरात राखणदार राहायचा तसा चाचा तिथं राहतील, व्हिसाचं तो बघेल. नंतरची निघाली तर ती पडेल, खोली जाईल आणि चाचांना गावी पाठवावं लागेल. माणूस वाईट नव्हता तो. पण त्यालाही एकच शब्द हवा होता.

आणि गावी चाचांचं काय होतं? बायको जाऊन बारा वर्षं झालेली. मूल नाही. घर बांधलेलं त्यांनीच, पण त्यात पुतण्यांचे संसार. दोन वर्षांतून एकदा महिनाभर जायचे. ते एकदा मला म्हणाले होते की तिकडं त्यांना कोणी काही कमी करत नाही, पण सकाळी उठल्यावर कुठं जाऊन बसायचं ते कळत नाही. मग ते किटली उचलून दुसऱ्या ओसरीवर गेले.

भिंत पाहून काही कळत नव्हतं. घराच्या बाकीच्या भिंतींसारखीच तीही समुद्रातल्या प्रवाळाच्या पांढऱ्या दगडांची, वर तसाच जुना गिलावा. फक्त एका बाजूला, जिथं ती मूळ भिंतीला भिडते तिथं, वरपासून खालपर्यंत केसाएवढी सरळ रेघ. एकाच वेळी बांधलेल्या भिंतींचे दगड एकमेकांत गुंतलेले असतात, अशी सरळ रेघ राहत नाही. मला संशय होता. मालकाच्या मुलाला काही आठवत नव्हतं, फोटो नव्हते, नमुने तपासायला साहेबांना वेळ नव्हता. ते म्हणाले, म्हाताऱ्यालाच विचार.

पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा चाचा म्हणाले होते, ती पहिल्यापासून आहे. त्या एका उत्तराआधी त्यांनी कधीचं म्हणून विचारलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. पुढं महिन्याभरानं म्हणाले, कबुतरांमुळं घातली, मनोऱ्यातून थेट जेवणाच्या ताटात पडायची. नंतर एकदा म्हणाले, घरातलं एक पोर मनोऱ्यात चढून अडकलं होतं, त्याला काढायला दोन तास लागले, त्यानंतर घातली. मग सांगितलं की मालकाचा आजा मोत्यांचा व्यापारी, त्याची पेटी तिच्यामागं होती. आणि मेमध्ये सांगितलं, हकिमानं सांगितलं होतं, वाऱ्यानं म्हातारीचे सांधे धरतात. पाच गोष्टी. सगळ्या माझ्या चोपड्यात, तारखांसकट. थंडी आणि उन्हाळा लावून पाहिला, जमेना. सांगताना ते माझ्याकडं बघायचे नाहीत, भिंतीकडं बघून बोलायचे, आवाज जरा उंच करून, पलीकडे कोणी असल्यासारखा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट द्यायचा होता. मी दोन दिवस त्या एका चौकटीपुढं बसून राहिले. खोली क्रमांक सात, भिंत, काळ. खरं काय ते मला माहीत नव्हतं, पण ती सरळ रेघ मला माहीत होती. शेवटी मी लिहिलं, मूळची. मला स्वतःचं कौतुकच वाटलं. आयुष्यभर तक्ते खरे भरले, एक चौकट एका म्हाताऱ्यासाठी खोटी भरली तर काय बिघडलं, असं मी स्वतःला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन चाचांकडे गेले.

दुपारी दोनचा सुमार. ते मोठ्या खोलीत, भिंतीला पाठ लावून बसले होते. मी म्हटलं, तुमचं काम झालं, तुम्ही इथंच राहणार. त्यांनी पेढा हातात धरून ठेवला. म्हणाले, "काय लिवलंस ते वाच. मराठीत करून वाच."

मी वाचलं. घर साधारण किती जुनं, मालक कोण, थंडीतले उपयोग, उन्हाळ्यातले उपयोग. ते मान डोलवत होते. मग खोली क्रमांक सात. मनोऱ्याच्या तळाशी राखणदाराची खोली. मधली भिंत मूळ बांधकामाचा भाग असून ती तशीच जतन करावी.

"जतन म्हंजे?"

म्हणजे तिला आता कोणी हात लावणार नाही, मी सांगितलं. कायमची राहील.

त्यांनी पेढा हळूच कागदावर ठेवला. मग म्हणाले, "नाय बाय. ती भिंत मी बांधली."

मग त्यांनी सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी. मी जोडून लिहिते आहे. ते इथं गवंडी म्हणून आले होते आणि या देशातलं त्यांचं पहिलं काम हीच भिंत. मालकानं नवा एसी आणला होता. मनोरा उघडा असेल तर सगळा गारवा वर निघून जातो, म्हणून मनोऱ्याची बाजू बंद करायची होती. घराला शोभेल अशी कर, असं मालकानं सांगितलं म्हणून त्यांनी परसातल्या पडक्या भिंतीचे जुने दगड वापरले. काम इतकं चांगलं झालं की मालकानं त्यांना ठेवूनच घेतलं आणि झोपायला भिंतीमागची जागा दिली.

मालकाची आई म्हातारी होती. तिची बसायची जागा मनोऱ्याखाली. लग्न होऊन आली तेव्हापासून. आता तिची चटई भिंतीच्या अलीकडे आली. एसी तिला सोसायचा नाही. आणि तिला आठवायचं कमी झालं होतं, त्यामुळं भिंत तिला रोज नवीन होती. रोज दुपारी ती दगडावर हात ठेवायची, कान लावायची. पलीकडे वारा उतरायचा तो तिला ऐकू यायचा. मग ती विचारायची, वारा का बंद केला, कोणी केला. घरातले सगळे कंटाळले होते. उत्तर द्यायला चाचाच असायचे, कधी अलीकडून, कधी पलीकडून.

"खरं कसं सांगणार? मीच बांधली म्हणून? मग रोज काय तरी नवीन सांगायचो. कबुतरं. पोर अडकला. पेटी हाय. हकीम बोलला. ती ऐकून घ्यायची. शेवटी म्हणायची, बुक्रा इफ्तह. उद्या उघड. मी म्हणायचो, इन्शाल्ला, अम्मा, उद्या उघडतो."

तीन उन्हाळे हे चाललं. तिसऱ्या उन्हाळ्यात ती गेली.

"तिचा वारा पन्नास वर्षं मी खाल्ला," चाचा म्हणाले. "ती अलीकडे आणि मी पलीकडे."

मी जे सुचलं ते विचारलं, आणि ते विचारायला नको होतं. मी म्हटलं, मग पहिल्या दिवशी तुम्ही मला ती पहिल्यापासून आहे असं का सांगितलंत?

"पहिल्या दिवशी मला ऱ्हायचं होतं," ते म्हणाले.

आणि आता?

"आता पण ऱ्हायचंय. पण तू कागदावर लिवलंस म्हंजे ती मग कधीच उघडणार नाय ना."

मी त्यांना समजावलं. अर्धा तास समजावलं. म्हातारी गेली, तिला आता काय कळणार आहे. गावी तुमची परवड होईल. रिपोर्ट गेला आहे, आता बदलता येत नाही, हेही सांगितलं. ते खोटं होतं, रिपोर्ट माझ्या पिशवीत होता. चाचांनी पिशवीकडे पाहिलं आणि मला चहा दिला. मला त्यांचा इतका राग आला होता की रडू येत होतं. घरी जाताना अब्र्याच्या, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीच्या, धक्क्यावर मी उगाच बसून राहिले. खोटं लिहिलं तेव्हा मन स्वच्छ होतं आणि आता खरं लिहायचं तर हात जड झाला होता, हा प्रकार माझ्या डोक्यात कुठल्याच चौकटीत बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ती चौकट बदलली. नंतरची. काढावी.

भिंत ऑगस्टमध्ये निघाली. एका सकाळी दोन मजूर आले. चाचांनी त्यांना हातोडा मारू दिला नाही. कुठला दगड आधी सैल होईल हे त्यांना माहीत होतं, आणि ते बोट दाखवत तसे दगड एकेक करून निघाले. तासभर धूळच धूळ. मग वरून काहीतरी आलं. ऑगस्टचा वारा कसला, भट्टीच्या तोंडाशी बसावं तशी झळ ती. पण येत होती, आणि जमिनीवरची पन्नास वर्षांची धूळ तिच्यासरशी मोठ्या खोलीत सरकत होती. चाचांनी एक जुनी चटई आणून बरोबर मध्ये अंथरली. स्वतः तिच्यावर बसले नाहीत. बाजूला उभे राहिले, मान खाली घालून, बायकांच्या खोल्यांपुढं उभे राहायचे तसे.

सप्टेंबरात ते गेले. स्टूल माझ्या मुलीला दिलं. एअरपोर्टवर त्यांना पोचवायला आम्ही तिघंही गेलो होतो. चेक-इनच्या रांगेत त्यांनी मला एकच सांगितलं, अधूनमधून जाऊन बघत जा.

मी जाते. घर आता फार देखणं झालं आहे. पुढच्या खोलीत तिकिटं मिळतात, शिलाईखात्यात कॉफी मिळते. माझ्या दोन रंगांच्या नकाशाचा एकच रंग करून भिंतीवर लावला आहे. मनोऱ्याखाली एक पाटी आहे, कुटुंबाची उन्हाळ्यात बसण्याची जागा. लोक तिथं उभे राहून वर बघतात आणि फोटो काढतात. वर त्यांना आभाळाचा चौकोन दिसतो, पण तो काचेतून. सगळ्या घराला सेंट्रल एसी बसवला आहे, आणि मनोरा उघडा राहिला तर गारवा वर निघून जातो. म्हणून मनोऱ्याच्या तळाला जाड काच घातली आहे. काच बसवायचं ठरलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, मला माहीत नाही.

चाचा दर शुक्रवारी दुपारी फोन करतात. पुतण्याच्या मोबाइलवरून. माझ्या मुलीचा अभ्यास विचारतात, नवऱ्याची बदली झाली का विचारतात, आणि मग विचारतात, वारा येतो का? पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, हो, छान येतो. पुढच्या शुक्रवारी सांगितलं, आज जरा कमी होता, पण येत होता. एकदा सांगितलं, एक म्हातारी बाई तिथं येऊन बराच वेळ बसली होती. एकदा सांगितलं, कबुतराचं एक पीस तरंगत खाली आलं. दर शुक्रवारी मी काहीतरी नवीन सांगते. सकाळपासून मी ते ठरवत असते.

गेल्या शुक्रवारी फोन आला तेव्हा मी तिथंच, काचेखाली उभी होते. एसीमुळं खांदे आखडले होते. त्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं, आज तर फार सुंदर वारा आहे चाचा, नुसती ओढणी उडतेय माझी.

मला वाटलं, फोन कटला.

"कधीचं सांगतेस, बाय?" चाचांनी विचारलं.

मी वर पाहिलं. काच कोणीतरी नुकतीच पुसली होती.

"आत्ताचं," मी म्हटलं.